मे महिना, नवी पुस्तकं आणि उजनीचं ओसरलेलं पाणी

एप्रिलच्या अंकात मी लिहिलं होतं की, या मे महिन्यात जुन्या पुस्तकांना हात लावणार नाही, गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आलेलंच वाचेन. सोबत पाच पुस्तकांची यादीही दिली होती, त्यात 'रिंगाण' होती. आमच्या तालुक्याच्या गावात पुस्तक पुण्या-मुंबईपेक्षा बरंच उशिरा पोचतं, म्हणून 'नवं' या शब्दाला एवढी मुदत दिली. त्यावर पुष्कळ पत्रं आली. त्यातल्या काहींना इथं उत्तरं देते.

प्रश्न : ताई, ठरवलं तसं वाचून झालं का? मनात काय राहिलं? आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात की, उन्हाळ्यात हलकंफुलकं वाचावं, डोक्याला ताप नको. तुमचं मत काय? (बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक, पुणे)

झालं की. कृष्णात खोत यांची 'रिंगाण', किरण गुरव यांचा कथासंग्रह 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', आसाराम लोमटे यांच्या कथा 'आलोक', अनुराधा पाटील यांच्या कविता 'कदाचित अजूनही' आणि नंदा खरे यांची 'उद्या' एवढं वाचलं. सगळ्यांवर सारखंच लिहिणार नाही, कारण सगळी सारखी आत गेली नाहीत. 'रिंगाण'नं मात्र महिनाभर पिच्छा सोडला नाही.

आधी हलक्याफुलक्याचं. मी राहते करमाळा तालुक्यात. इथं मे महिना मुळीच हलकाफुलका नसतो. "उजनी मायनसमध्ये गेलं" हे वाक्य या दिवसांत चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात सगळीकडं ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, धरण कोरडं पडलं. तसं नसतं. उजनीची क्षमता 117 टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे आणि त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी पाणी मृतसाठ्यात धरलं जातं. म्हणजे मीटर शून्यावर आला तरी निम्म्याहून जास्त पाणी आत असतंच, पण ते कालव्यात आपोआप येत नाही. मग काठावरचे शेतकरी पाण्याच्या मागं मोटारी सरकवत नेतात. पाणी चार पावलं मागं गेलं की पाइपाचा आणखी एक तुकडा जोडायचा, केबल वाढवायची, मोटार उचलून पुढं ठेवायची. उसाचं पीक वाळू द्यायचं नसेल तर दुसरा इलाज नसतो. हे डोळ्यांसमोर चाललेलं असताना मला तरी हलकं वाचवत नाही. शिवाय वेळेच्या दृष्टीनं बघा. दुपारी बारापासून चारपर्यंत आमच्याकडं रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सोलापूर जिल्ह्यातलं ऊन ज्यानं सोसलंय त्याला हे सांगायला नको. कुणी येत नाही, कुणी बोलवत नाही. इतका सलग निवांतपणा वर्षात पुन्हा मिळत नाही. जड पुस्तक वाचायचं ते याच दिवसांत, असं माझं ठाम मत आहे.

आता 'रिंगाण'. या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळं गाव उठलं, माणसं दुसरीकडं वसवली, आणि मागं राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत त्या जुन्या मुलखात जातो. कथानक म्हणाल तर एवढंच. पण ती म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही, रानटी झालेली आहे. माणसाविना जगायची तिला सवय लागलेली आहे. तिच्या मागं फिरणाऱ्या देवाप्पाबरोबर आपण ते सगळं रान तुडवतो, आणि मग मनात येतं की, हुसकून लावलेल्या माणसाचं आत काय होत असेल. धरणग्रस्तांवर आपल्याकडं अहवाल निघाले, मोर्चे निघाले, पुनर्वसनाचा कायदा 1976 सालापासून आहे. त्या सगळ्यात माणसांची कुटुंबं मोजलेली सापडतात, जमिनीचे गट नंबर सापडतात. गोठा सुटलेल्या जनावराचं काय झालं, याचा रकाना कुठल्या कागदात सापडणार? खोत तिथून सुरुवात करतात आणि शेवटपर्यंत ती वाट सोडत नाहीत, यातच या पुस्तकाचं मोठेपण आहे असं मला वाटतं.

हे पुस्तक मी एकटीनं वाचलं नाही. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, आता अक्षरं दिसत नाहीत. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण 1980 साली पुरं झालं, पण गाव त्याच्या आधीच टप्प्याटप्प्यानं उठलं. मामा तेव्हा तरणे होते. दुपारी वीज गेली की आम्ही माजघरात दार लोटून बसायचो आणि मी मोठ्यानं वाचायची. मामा सहसा मधे बोलत नाहीत. कीर्तन ऐकायला बसावं तसे मांडी घालून, डोळे मिटून ऐकतात. पण देवाप्पा म्हशीच्या मागावर निघाला आणि मामांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. जनावराला जागा कळती. माणूस मागनं कळतो." मग ते आपलंच सांगू लागले. गाव उठलं तेव्हा लोकांनी घरांच्या चौकटी, तुळया, पत्रे, उंबरेसुद्धा काढून गाडीत घातले. जनावरं दावणीला बांधून नव्या जागी आणली. तर रात्री दावं तोडून गुरं माघारी पळायची, थेट जुन्या गोठ्यात. सकाळी मामा शोधायला गेले की नुसत्या उघड्या भिंती उभ्या, वर आभाळ आणि आत आपली गाय, रोजच्या जागी, रवंथ करत बसलेली. पाणी चढेपर्यंत हेच चाललं होतं. पुढं एका गायीचा पत्ता लागला नाही. एवढं सांगून म्हणाले, "वाच पुढं."

मी या घरात लग्न होऊन आले त्याला आता किती वर्षं झाली. गावाच्या गोष्टी खूप ऐकल्या होत्या. देवळाच्या, जत्रेच्या, चिंचेच्या झाडाच्या. या गायीची कधीच ऐकली नव्हती. पुस्तकानं ती बाहेर काढली. दर मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या भागात जुन्या गावांची जोती उघडी पडतात, विहिरींची तोंडं दिसतात. इंदापूरकडच्या पळसदेवचं पाण्यातलं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला गाड्याच्या गाड्या जातात, फोटो निघतात. जाऊ देत, बघू देत. देऊळ सुंदरच आहे. पण ज्यांना त्या देवळाच्या भोवतीची घरं दिसत नाहीत, त्यांनी आधी 'रिंगाण' वाचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुस्तकात खटकलं काय, तेही सांगते. मधल्या भागात रान, वाट, माग हे पुन्हा पुन्हा येत राहतं आणि वाचणारा दमतो. मी मोठ्यानं वाचत होते म्हणून मला ते जास्त जाणवलं. मामांना मात्र तो भाग सगळ्यात आवडला. त्यांचं म्हणणं, जनावर शोधायला गेलेल्या माणसाला असंच होतं. तेव्हा माझी तक्रार मी मागं घेत नाही, पण त्यांचंही इथं नोंदवते.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. गुरवांचा बाळू खेड्यातून शिकायला शहरात येतो, आणि पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाचं अवघडलेपण त्यांनी असं धरलंय की, मी जिथं नोकरी केली त्या वाचनालयात अभ्यासिकेच्या कोपऱ्यात बसणारी कितीतरी मुलं मला आठवली. चहाला चला म्हटलं की "नको, आत्ताच घेतला" म्हणणारी. लोमटे परभणीचे पत्रकार आहेत, त्यामुळं गावातल्या राजकारणाची त्यांना बारीक जाण आहे. 'आलोक'मधल्या कथा एका बैठकीत एकच वाचावी अशा आहेत, दुसरी लगेच घेतली तर पहिलीवर अन्याय होतो. 'उद्या'विषयी पुढं एका प्रश्नात येईल.

प्रश्न : तुमचं वाचून मी 'रिंगाण' आणली. दहा-पंधरा पानांत अडकले. आमची वऱ्हाडी मला येते, पुस्तकी मराठी येते, पण ही कोल्हापूरकडची बोली जड जाते. अर्धे शब्द सुटतात. अशी पुस्तकं बाहेरच्या वाचकानं वाचायची तरी कशी? (एक शिक्षिका, अमरावती)

बाई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुम्हाला प्रत्येक शब्द कळायला हवा असं वाटतं. ते आधी बाजूला ठेवा. खोत पन्हाळ्याच्या भागातले, त्यांच्या पुस्तकात तिथली माती, तिथली झाडं, तिथली हत्यारं येणारच. त्यांतली काही मलाही कळली नाहीत. मामांना कळली नाहीत. आमचं काही अडलं नाही.

माझा अनुभव असा की, बोली डोळ्यांनी वाचली की अडते आणि तोंडानं म्हटली की सुटते. पहिली वीस पानं मोठ्यानं वाचून बघा. घरात कुणी ऐकणारं असेल तर उत्तमच, नसेल तर एकट्यानं. क्रियापदं कशी वळतात, वाक्य कुठं तुटतं, हे जिभेला एकदा कळलं की कान पुढचं आपोआप लावून घेतो. शब्दकोश जवळ ठेवू नका. एखादा शब्द तीनदा-चारदा येऊनही लागला नाही तर पेन्सिलीनं खूण करा आणि पुढं चला. पुस्तक संपल्यावर त्या खुणा परत बघा, बऱ्याच पुसून टाकता येतील. (वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलसुद्धा लावायची नाही, त्यासाठी वेगळा कागद घ्या. ही एक सवय निवृत्तीनंतरही जात नाही.)

आणि दुसरी गोष्ट. आपण सगळे वऱ्हाडी, खानदेशी, मालवणी, माणदेशी माणसं एकमेकांची बोली वाचायला कंटाळलो, तर आपल्याकडं उरेल काय? बातम्यांची मराठी. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची. तिच्यातला माणदेश तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकालाही परकाच होता, आणि तरी ती घरोघर वाचली गेली. वाचणाऱ्यांनी तेव्हा थोडी मेहनत केली. आपणही करू. तुमच्या वर्गातल्या मुलांना एक पान वाचून दाखवा. आठवी-नववीच्या मुलांना अनोळखी बोली ऐकायला फार आवडतं, आधी हसतात आणि मग कान देतात.

प्रश्न : पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का? मला फार अपराधी वाटतं. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

चालतं. पण आज कंटाळा आला म्हणून सोडलं आणि पुस्तक आपल्यासाठी नव्हतं म्हणून सोडलं, यातला फरक स्वतःला कळायला पाहिजे. मी एक करते. सोडायचं ठरलं की त्याच संध्याकाळी मधलं कुठलंही पान उघडून दोन पानं वाचते. तिथंही मन लागलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत करून टाकते. तुमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आहे. इतक्या वर्षांत तिथल्या कपाटांनी किती अर्धवट वाचलेली पुस्तकं परत घेतली असतील! तुमचंही घेतील.

प्रश्न : यादी बघितली. पाचही पुस्तकं साहित्य अकादमीची. पुरस्कार मिळाल्याशिवाय पुस्तक चांगलं नसतं का? आणि पाचांत एकच बाई कशी? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसरा जास्त महत्त्वाचा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. छोट्या गावात जे पोचतं तेच वाचता येतं. पुरस्कार लागला की पुस्तकाची नवी आवृत्ती निघते, वर्तमानपत्रात नाव येतं, वाचनालयाच्या खरेदीत ते आपसूक बसतं. त्याच वर्षी आलेली दुसरी चार चांगली पुस्तकं इथपर्यंत येतच नाहीत. म्हणजे माझी यादी माझ्या आवडीइतकीच पुस्तकांच्या वाहतुकीचीही आहे. नंदा खरे यांनी तर 2020 चा पुरस्कार नाकारला होता. बरीच वर्षं ते पुरस्कार घेतच नव्हते. तरी 'उद्या' आमच्याकडं आली ती त्या बातमीमुळंच. व्यवसायानं ते इंजिनिअर. येऊ घातलेल्या काळाचं चित्र त्यांनी रंगवलंय, सतत नजरेखाली राहणाऱ्या माणसांचं. वाचताना मला सारखं वाटत होतं की हा पुढचा काळ राहिलेलाच नाही, आजचाच झालाय. 2022 च्या जुलैत ते गेले. आणखी लिहिते राहायला हवे होते.

आता दुसरा प्रश्न. साहित्य अकादमीच्या मराठी यादीवरून एकदा बोट फिरवा. इरावती कर्वे 1968, दुर्गा भागवत 1971, गोदावरी परुळेकर 1972. पाच वर्षांत तिघी, आणि तिघींची पुस्तकं अशी की आजही वाचनालयात टिकून आहेत. त्यानंतर इंदिरा संतांचं नाव येतं ते थेट 1984 साली, आणि विजया राजाध्यक्षांचं 1993 साली. आशा बगे 2006, अनुराधा पाटील 2019. मराठीत बायकांनी लिहिणं थांबवलं होतं का? मी आयुष्यभर देवघेवीच्या टेबलाशी बसले आहे. आमच्याकडं सभासदांत बायका जास्त, पुस्तकं नेणाऱ्या जास्त, मुदतीत परत करणाऱ्या तर नक्कीच जास्त. लिहिणाऱ्याही कमी नाहीत. मानाच्या जागी मात्र इतक्या कमी दिसतात, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

अनुराधा पाटील तुमच्याच शहरातल्या. 'कदाचित अजूनही' मी रात्री गच्चीवर वाचायची, जेवणं आटोपल्यावर, बॅटरीच्या उजेडात. त्यांची कविता हळू आवाजात बोलते. बाईचं एकटेपण, मागं सुटलेलं गाव, राबणारे हात, हे सगळं त्या कुठंही आवाज न चढवता मांडतात. कविता वाचत नाही म्हणणाऱ्या माझ्या शेजारणीला मी त्यातल्या दोन वाचून दाखवल्या. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक मागून घेऊन गेली आणि हे लिहीपर्यंत ते तिच्याकडंच आहे.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. सुट्टी लागल्यापासून हातातला मोबाइल सुटत नाही. नवी मराठी पुस्तकं आणून दिली, दोन पानं चाळून ठेवून देतो. काय करू? (एक आई, डोंबिवली)

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तक आणि मोबाइल यांची लढाई लावू नका. "मोबाइल ठेव आणि पुस्तक घे" म्हटलं की पुस्तक ही शिक्षा होते.

आणून देण्यापेक्षा त्याला दुकानात किंवा वाचनालयात न्या आणि त्यालाच उचलू द्या. भुताचं उचलेल, क्रिकेटचं उचलेल, विनोदाचं उचलेल. उचलू दे. दहाव्या वर्षी गोष्ट धावावी लागते. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' जुना असला तरी अजून धावतो, माझ्या नातवानं यंदा त्याची तीन पुस्तकं एकामागोमाग संपवली. घरात धाकटं भावंड असेल तर माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणा आणि ती वाचून दाखवायचं काम थोरल्याकडं द्या. लहानाला वाचून दाखवताना मोठ्याचं वाचन फार सुधारतं, हे मी बालविभागात वर्षानुवर्षं बघितलंय. पुरंदरे चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या चित्रांतली घरं आपल्या घरांसारखीच असतात, दोरीवर कपडे वाळत घातलेली, ओट्यावर भांडी असलेली, आणि त्यामुळं मुलं चित्रातच बराच वेळ रमतात.

'किशोर' मासिक विसरू नका. बालभारतीनं ते 1971 च्या नोव्हेंबरात सुरू केलं आणि अजून निघतंय. किंमत अगदी कमी आहे. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत. मोबाइल सुटत नाही म्हणता ना, मग त्याच मोबाइलवर त्याला तुमच्या लहानपणीचा एखादा अंक उघडून द्या आणि "हा मी वाचला होता" एवढंच सांगा. आईनं लहानपणी काय वाचलं याची मुलांना उत्सुकता असते.

आणि एक विचारते, रागावू नका. संध्याकाळी घरात तुमच्या हातात काय असतं? त्यानं तुम्हाला वाचताना बघितलं पाहिजे. रोज थोडा वेळ, त्याच्यासमोर, स्वतःच्या आवडीचं.

प्रश्न : नव्या पुस्तकांच्या किमती परवडत नाहीत. चारशे-पाचशेच्या खाली कादंबरी मिळत नाही. गावातल्या वाचनालयात जुनीच पुस्तकं. आमच्यासारख्यांनी काय वाचायचं? (एक शेतकरी वाचक, परांडा)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमचं आमचं दुखणं एकच आहे, आणि त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याखाली गावोगावची वाचनालयं मान्यता आणि अनुदान घेतात. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणं अनुदान ठरतं. मिळालेल्या पैशात ग्रंथपालाचा पगार, जागेचं भाडं, वीज, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं हे सगळं बसवावं लागतं. 'ड' वर्गाच्या वाचनालयातला ग्रंथपाल ज्या पगारावर काम करतो, तेवढ्यावर त्याचं घर चालत नाही. तो सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडतो आणि दिवसभर दुसरीकडं काम करतो. पुस्तकं जुनी का, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

उरलेलं निम्मं आपल्या हातात आहे. वाचनालयात खरेदीची यादी होते तेव्हा निवड करणाऱ्यांसमोर सभासदांची मागणी असावी लागते. ती बहुतेक वेळा नसते. लोक तोंडी म्हणतात, "नवीन काही नाही का?" आणि निघून जातात. तसं करू नका. मागणीची वही मागा. वही नसेल तर साध्या कागदावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक लिहून, खाली सही करून द्या. आणखी चार सभासदांच्या सह्या घ्या. पाच सह्यांची मागणी बाजूला टाकणं कुठल्याही समितीला जड जातं. मी स्वतः अशा चिठ्ठ्या बैठकीत वाचून दाखवलेल्या आहेत.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं मिळवून देतं. तुमच्या वाचनालयात त्यातून आलेला गठ्ठा न फोडता पडलेला नाही ना, हेही विचारा. काही ठिकाणी दाखल नोंदवहीत चढवायला माणूस नसतो, आणि नोंद झाल्याशिवाय पुस्तक कपाटात येत नाही. तुम्हाला सवड असेल तर एखादी दुपार नोंदी करायला मदत करतो म्हणा. ग्रंथपालाला आधाराची फार गरज असते.

आणि वाचनालयात आलेलं नवं पुस्तक कृपा करून घरी न्या. मी आमच्याकडून 'आलोक' आणली तेव्हा मागच्या बाजूला चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर मोजके शिक्के होते. पानांच्या कडा अजून धारदार, मधली काही पानं एकमेकांना चिकटलेली. तुमच्या-माझ्यासारख्या शेतीवाडीतल्या माणसांवर लिहिलेलं पुस्तक आमच्याच तालुक्यात इतकं कोरं राहावं, याचं मला फार वाईट वाटलं. चिठ्ठीवर शिक्के दिसले की पुढच्या वर्षी तशी आणखी पुस्तकं मागायला ग्रंथपालाला तोंड राहतं. शिक्केच नसतील तर समिती म्हणते, वाचतंय कोण?

विकत घ्यायचंच असेल तर पाच जणांत मिळून घ्या. वर्षाला प्रत्येकी एक पुस्तक, दोन-दोन महिन्यांनी फिरवायचं. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात सवलत असते, दिवाळीच्या आसपास प्रकाशकही सवलत देतात. घाई नसेल तर तेव्हा घ्या. पाच जणांत पहिलं कुठलं घ्यावं म्हणून विचाराल, तर तुम्हाला 'आलोक'च सांगेन. परभणी आणि परांडा दोन्ही मराठवाड्यातलीच, तुम्हाला त्यातली माणसं ओळखीची वाटतील. वाचून झाल्यावर तुमचं खरं मत मला कळवा. पटलं नाही तर तेही लिहा, मी या पानावर छापायला देईन.

प्रश्न : उन्हाळ्यात पुस्तकांना कसर लागते आणि बांधणी उकलते. काही घरगुती उपाय? (एक गृहिणी, लातूर)

बांधणी उकलते ती कोरड्या उष्णतेनं. डिंक वाळतो आणि पुठ्ठा सुटतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट असेल तर हलवा, निदान पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढून ठेवा. पुस्तकं उन्हात वाळत घालू नका. बऱ्याच जणी घालतात. त्यानं पानं पिवळी पडतात आणि कडक होतात. सावलीत, वाऱ्यावर, अर्धी उघडून उभी ठेवा आणि मऊ कोरड्या फडक्यानं पुसा. कसरीला कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे पातळ कापडात बांधून फळीच्या मागच्या बाजूला ठेवा. डांबरगोळ्या घालायच्या तर लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. हे सगळं मृगाच्या आधी उरकून घ्या, कारण पावसाळी दमट हवा सुरू झाली की बुरशी धरते आणि मग नुसतं पुसून भागत नाही. वाळवी दिसली तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका, ते कपाट रिकामं करा आणि माणूस बोलवा.